चौफुलीवरचं गॅरेज: आधी तपासणी, मग पाना

जळगावच्या अजिंठा चौफुलीच्या आसपास गॅरेजांना तोटा नाही. ट्रकचे पाटे बदलण्यापासून एसीत गॅस भरण्यापर्यंत सगळं तिथे होतं. त्यातल्या एका गॅरेजबद्दल लिहितेय ते एकाच कारणासाठी: तिथे इंजिन खोलण्याआधी तपासतात, तपासणीचे पैसे वेगळे घेतात आणि काय सापडलं ते कागदावर लिहून देतात. नंतर काम त्यांच्याकडे करा नाहीतर तो कागद घेऊन दुसरीकडे जा, त्यांची तक्रार नसते. मी सावद्याला पॅथॉलॉजी लॅब चालवते. रिपोर्ट न बघता औषधांची यादी लिहिणाऱ्या डॉक्टरचा मला राग येतो, त्यामुळे हे गॅरेज मला पटायला वेळ लागला नाही.

गॅरेजचं नाव लिहीत नाही. त्यांनीच नको म्हटलं. "आधीच हात पुरत नाहीत मॅडम, अजून गर्दी कशाला?" पाटीवरची अक्षरं तशीही उन्हाने उडाली आहेत. मालक साठीचे आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. कान त्यांचा आणि लॅपटॉप भाच्याचा, अशी कामाची वाटणी आहे. मोठ्या पंपांच्या मागच्या गल्लीत "पेट्रोल इंजिनवाले चाचा" विचारलं की कुणीही बोट दाखवतं.

माझी गाडी म्हणजे १.२ लिटरची चार सिलिंडरवाली पेट्रोल हॅचबॅक, २०१३ची, एमएच १२ पासिंगची, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने तिला एलपीजी किट बसवलं होतं, ते मी घेतल्या घेतल्या काढून टाकलं. मीटर एक लाख साठ हजारांच्या पुढे गेलंय. गाडीला कामही वाईट आहे. सकाळी सॅम्पल आणायला चिनावल, फैजपूर, रावेर. थोडं चालायचं, बंद करायचं, परत सेल्फ मारायचा. इंजिन नीट तापतही नाही तोवर पुढचं घर येतं. अशा वापरात न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरत राहते आणि ऑइल वेळेआधी म्हातारं होतं. हे कळायला मेकॅनिक लागत नाही, डिपस्टिकचा वास घेतला तरी पुरे.

तक्रारी तीन होत्या. सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद पुढून खर्रर्र आवाज, मग शांत. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरायची, मिसिंग मारायची. आणि डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनचा दिवा कधी लागायचा, कधी जायचा. ॲव्हरेजही उतरलं होतं, पण आमच्याकडच्या रस्त्यांवर ॲव्हरेजचा पुरावा मी धरत नाही.

चाचांकडे जाण्याआधी दोन सल्ले मिळाले होते. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सल्लागाराने आवाज ऐकला, टॅबवर बोटं फिरवली आणि ब्याण्णव हजारांचं एस्टिमेट दिलं: इंजिन ओव्हरहॉलिंग, रिंग-पिस्टन, बेअरिंग, चेन किट, हेडचं काम, सगळं एकदम. एकही मोजमाप घेतलं नव्हतं. दुसरा सल्ला गावातला, फुकटचा: "कसाले खर्च करता ताई, जाड ऑइल टाका, आवाज जाईल." २० डब्ल्यू-५० टाकलं की आवाज कमी होतो हे खरं आहे. पण बारीक वाटांसाठी बनवलेल्या इंजिनात जाड ऑइल सकाळी वर चढायला वेळ घेतं, म्हणजे ज्या दोन सेकंदांत चेनला ऑइल हवं असतं नेमकं तेव्हाच ते मिळत नाही. तो आवाज दाबायचा उपाय झाला.

चाचांची पहिली अट अशी की गाडी आदल्या संध्याकाळी आणून सोडायची. सकाळी थंड इंजिनावर पहिला सेल्फ ते स्वतः ऐकणार. तापलेली गाडी आणून "सकाळी असा असा आवाज येतो" असं तोंडी सांगितलेलं ते ऐकून घेतात, पण लिहीत नाहीत. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पहाटेही इंजिन कितपत थंड होणार, हा प्रश्न मी विचारला. ते म्हणाले, "थंडीसाठी नाही ठेवत मॅडम. रात्रभरात ऑइल खाली उतरलं पाहिजे." या उत्तराने मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा भरवसा वाटला.

कारण सगळा खेळ तिथेच आहे. टायमिंग चेन क्रँकला (पिस्टनांनी फिरणारा खालचा दांडा) आणि कॅमला (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) बांधून ठेवते: क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा, आणि तोही ठरल्या अंशाला. चेन ताणून धरायला टेन्शनर असतो, त्यातला दट्ट्या ऑइलच्या दाबाने पुढे सरकतो आणि गाईडला, म्हणजे चेनला टेकलेल्या पट्टीला, रेटतो. रात्रभर गाडी उभी राहिली की टेन्शनरमधलं ऑइल झिरपून जातं. नवी चेन असेल तर काही बिघडत नाही, कारण ढील नसतेच. झिजलेली चेन मात्र ऑइल पोचेपर्यंत गाईडवर आपटत राहते. हलक्या ऑइल फिल्टरमुळेही हेच होऊ शकतं. फिल्टरमधला रबरी पडदा ऑइल मागे जाऊ देत नाही. तो सुमार असला तर सगळी वाहिनीच रिकामी होते. म्हणून चाचा आधी फिल्टर बघतात. काहींचा आवाज नुसत्या चांगल्या फिल्टरने आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडच्या ऑइलने गेला, आणि त्यांना त्यांनी तेवढंच बिल लावून परत पाठवलं, असं भाचा थोड्या नाराजीनेच सांगत होता. माझा फिल्टर नवा आणि चांगला होता, त्यामुळे ती सुटका मला नव्हती.

सकाळी बॉनेट उघडं, भाचा सेल्फवर, चाचा कानात स्टेथोस्कोप घालून. डॉक्टरांचाच, फक्त पुढे चकतीऐवजी लोखंडी दांडी. टायमिंग कव्हरवर वर, मध्ये, खाली, मग हेडवर, मग चेंबरवर, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीवर. आवाज कव्हरच्या वरच्या बाजूला सगळ्यात जास्त होता. मग त्यांनी फॅन बेल्ट काढून गाडी पुन्हा जेमतेम अर्धा मिनिट चालवली. अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसीची पुली या सगळ्यांची बेअरिंगं चेनसारखाच आवाज काढू शकतात. बेल्ट उतरवला की ती सगळी गप्प होतात. आवाज राहिला, म्हणजे तो इंजिनच्या आतला. ही तपासणी फुकट आहे, आणि ब्याण्णव हजारवाल्यांनी तेवढीही केली नव्हती.

नंतर स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड वाचणारा. दोन कोड निघाले: पी ००१६ आणि पी ०३०३. पहिला म्हणतो क्रँक आणि कॅमचे सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरा म्हणतो तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय. इथे बहुतेक ठिकाणी लोक थांबतात: कोड वाचला, पार्ट सांगितला. पी ००१६ मध्ये "चेन" हा शब्दच नाही. सेन्सर खराब असेल, वायर खाल्लेली असेल, दात असलेली चकती सरकली असेल किंवा चेन झिजली असेल, कोड तोच येतो. ज्या इंजिनात कॅमचा कोन चालताना बदलणारी यंत्रणा असते तिथे ऑइलच्या गाळाने अडकलेला छोटा व्हॉल्व्हसुद्धा हा कोड देतो.

आता ज्या भागासाठी मी दुसऱ्या दिवशीही तिथे थांबले तो भाग. भाच्याकडे दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप आहे, सेन्सरचा सिग्नल पडद्यावर रेघेत दाखवणारा, लॅपटॉपला जोडायचा. एक वायर क्रँक सेन्सरला, एक कॅम सेन्सरला. पडद्यावर खाली क्रँकचे एकसारखे दात पळतात आणि मध्येच दोन दातांची मोकळी जागा येते. वर कॅमचा चौकोनी सिग्नल चढतो-उतरतो. क्रँकवरच्या या दातेरी चाकाची विभागणी साठ दातांची, दोन मुद्दाम गाळलेले, म्हणजे एका दाताला सहा अंश. मोकळ्या जागेपासून कॅमची कड कितव्या दातावर पडते ते मोजायचं. पण नुसता आकडा मोजून काय कळणार, किती असायला हवं ते माहीत नसेल तर? मी विचारायच्या आत त्याने दुसरी फाइल उघडली. याच इंजिनच्या धडधाकट गाडीचं रेकॉर्डिंग त्याने आधी करून ठेवलेलं होतं. लॅबमध्ये आम्ही रोज सकाळी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल, चालवतो, तो बरोबर आला तरच पेशंटचं सॅम्पल मशीनवर चढतं. गॅरेजमध्ये कंट्रोल मी पहिल्यांदा बघितला. वेगवेगळ्या मॉडेलच्या अशा फाइलींचा त्याच्याकडे मोठा साठा आहे, प्रत्येक चांगली गाडी आली की तो मालकाला विचारून रेकॉर्ड करून घेतो.

दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवल्या. माझ्या गाडीचा कॅम साधारण एका दाताने, म्हणजे सहा-सात अंशांनी, मागे होता. आता यातला बारकावा. चेन स्प्रॉकेटवरून, म्हणजे ती ज्यावर फिरते त्या दातेरी चाकावरून, एक दात उडाली असती तर फरक एकदम मोठा आला असता. क्रँकच्या स्प्रॉकेटला अठरा दात धरले तर एक दात म्हणजे वीस अंश. सहा-सात अंश हा उडी मारल्याचा आकडा नाही, हळूहळू झिजल्याचा आहे. सेन्सर खराब असता तर कड पुढेमागे नाचली असती किंवा गायब झाली असती. ती स्थिर होती, फक्त उशिरा येत होती.

आपल्याकडे चेन "ताणली" म्हणतात. लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीच्या पिना आणि त्यांची भोकं झिजतात. भाच्याने हिशेब कागदावर मांडून दाखवला: एकशे तीस कड्या, प्रत्येक सांध्यात ०.०५ मिलिमीटर झीज, म्हणजे सगळी मिळून साडेसहा मिलिमीटर. एका सांध्याची झीज हाताला लागत नाही, पण चेन लांब झालेली असते आणि तेवढा कॅम मागे पडतो. ऑइल काजळलेलं असेल तर त्यातले कण पिनांमध्ये जाऊन घासत राहतात. "चेन आहे, लाइफटाइम आहे" हे सेल्समनचं वाक्य ऑइल वेळेवर बदललं जाईल या गृहीतावर उभं असतं. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांना टायमिंग बेल्ट असायचा. तो ठरावीक किलोमीटरला बदलायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. चेनवाल्या गाडीला तसा आकडा बहुधा नसतो, म्हणून ती आवाज करेपर्यंत कुणी तिच्याकडे बघत नाही.

तर चेनचा रिपोर्ट आला. पण तीन नंबरचं काय? कॅम मागे पडला तर त्रास चारही सिलिंडरांना सारखा व्हायला हवा, एकट्या तीनला का? इथे कुणी घाईत असतं तर "चेन बदला, सगळं बरं होईल" म्हणून मोकळं झालं असतं. गाडी परत आली असती, आणि मग नवं बिल.

चाचांनी प्लगला ठिणगी देणाऱ्या एकेका कॉइलची पिन काढून बघितलं. एक, दोन, चार काढले की इंजिन पडायचं. तीन काढला तरी काही फरक नाही. म्हणजे तीन आधीपासूनच काम करत नव्हता. पिन काढताना ते खालच्या आवाजाकडेही कान लावून होते: कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असेल तर त्या सिलिंडरचं जळण बंद केल्यावर ठोका मऊ होतो. तसं काही नव्हतं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. चारही प्लग बाहेर, पेट्रोल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरीला चार्जर लावलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे. आकडे पीएसआयमध्ये: १६८, १६५, ११२, १६६. चाचांनी तीन नंबर परत मोजला, ११०. माझ्या टेक्निशियनला मी हेच शिकवते, विचित्र आकडा आला की आधी पुन्हा मोज. तिन्ही चांगले सिलिंडर नव्या इंजिनपेक्षा थोडे कमी होते, पण सारखे कमी. ते उशिरा चालणाऱ्या कॅमशी जुळतं, कारण हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटला की दाबलेली थोडी हवा मागे जाते. तीन नंबरचं दुखणं वेगळं.

त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट बुजली असती आणि आकडा चांगला वर गेला असता. ११६ आला. म्हणजे रिंगा नाहीत, आणि त्याबरोबर ब्याण्णव हजारांतला मोठा तुकडा तिथेच गळला. मग तीन नंबरचा पिस्टन वरच्या टोकाला आणून गाडी गिअरमध्ये अडवली आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. आता हवा कुठून निसटते ते ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग. आमचा सॅम्पल आणणारा पोरगा मागे सायलेन्सरपाशी उभा होता, तो ओरडला, "मॅडम, इकडून हवा येऊन ऱ्हायली!" धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता.

हेड कव्हर काढल्यावर कारण दिसलं. तीन नंबरचं एक्झॉस्ट टॅपेट (व्हॉल्व्हवरची वाटी) आणि कॅम यांच्यामध्ये फिलर गेजची सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा जात नव्हती. तिथे बारीक फट हवीच. गॅसवर चाललेल्या इंजिनात एक्झॉस्टच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर बसतो त्या कडा, जास्त झिजतात. सीट खोल गेली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट संपते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. चाचांनी मी सांगायच्या आधी विचारलं, "हिला कधी किट होतं का?" कव्हर उघडं असतानाच दोन कॅममधली चेन त्यांनी बोटाने उचलून दाखवली आणि टेन्शनरचा दट्ट्या जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला दाखवला. स्कोपने सांगितलेली गोष्ट डोळ्यांनी बघितली एवढंच.

राहिलेल्या तपासण्या पटकन सांगते. ऑइलच्या दाबाचा स्विच काढून तिथे घड्याळ लावलं, गरम इंजिनावर दाब ठीक. म्हणजे पंप आणि बेअरिंगं सुटली. हे बघणं आवश्यक होतं, कारण पंपच कमजोर असता तर नवा टेन्शनरही तसाच ढिला राहिला असता. गाडीतला फिल्टर कापून त्याचा कागद पसरला: काळे प्लास्टिकचे तुकडे, ते गाईडचे, चुंबकाला लागणारी थोडी लोखंडी धूळ, बेअरिंगची चमक नाही. आणि रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी. हेड गॅस्केट गेलेलं असेल तर जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात येतो आणि निळा द्रव पिवळा होतो. मी बाटली वाचली, ब्रोमोथायमॉल ब्ल्यू. आमच्या कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधला इंडिकेटर, इथे ग्रीसच्या डब्याशेजारी! निळा निळाच राहिला.

रिपोर्ट एका पानाचा, हाताने लिहिलेला, अर्धा मराठीत, अर्धा हिंदीत. तीन रकाने: "पक्कं", "बघावं लागेल", "नाही". पक्कं: चेन, दोन गाईड, टेन्शनर झिजलेले, तीन नंबरच्या एक्झॉस्ट टॅपेटची फट शून्य. बघावं लागेल: व्हॉल्व्ह जळालाय का, टॅपेट बदलून पुन्हा हवा सोडायची, तरी गळती राहिली तरच हेड उतरवायचं. नाही: रिंगा, पिस्टन, बेअरिंग, ऑइल पंप, हेड गॅस्केट, सेन्सर. माझ्या मते या गॅरेजची खरी किंमत त्या तिसऱ्या रकान्यात आहे. काय बिघडलंय ते सांगणारे पुष्कळ भेटतात. काय बिघडलेलं नाही ते लिहून खाली सही करणारा मला तरी हा पहिलाच. तपासणीचे २,२०० रुपये घेतले, आणि ते कामाच्या बिलातून वजा करत नाहीत. काही गिऱ्हाइकं यावरून भांडतात. माझ्या समोरच एक गृहस्थ म्हणाले, "चाचा, बघायचे कसले पैसे भो?" चाचा म्हणाले, "मग न बघता सांगू का?"

काम मी तिथेच केलं. टॅपेट बदलायला कॅम काढावेच लागतात, आणि चेनसाठीही तो भाग उघडावा लागतो, म्हणून दोन्ही कामांची मजुरी बरीचशी एकच झाली. इंजिन खालून जॅकवर पेललं, एका बाजूचं माउंटिंग सोडलं, चेंबर उतरवलं, कव्हर काढलं. नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर घालायला ते तयार नव्हते. झिजलेले दात नव्या चेनला लवकर खातात. पार्ट मुंबईहून मागवले आणि तिथे मात्र वाट बघावी लागली. जुनी चेन आणि नवी चेन त्यांनी शेजारी शेजारी खिळ्यांना टांगली, जुनी साधारण तीन मिलिमीटर खाली लोंबत होती. टांगलेली चेन दुपदरी, म्हणजे पूर्ण लांबीत सहाच्या आसपास, कागदावरच्या हिशेबाच्या जवळ.

चेन बसवल्यावर पाना लावून क्रँक हाताने दोनदा फिरवला. पिस्टन कुठे व्हॉल्व्हला अडत नाही ना हे सेल्फ मारायच्या आधी हातालाच कळतं. अशा इंजिनात चुकीच्या अंशाला सेल्फ मारला तर व्हॉल्व्ह वाकतात. आमच्या पोराने विचारलं की चेनच्या रंगीत कड्या आता खुणांपासून लांब गेल्या, चुकलं का? चुकलं नव्हतं. रंगीत कड्या फक्त बसवताना जुळवायच्या असतात, फिरवल्यावर स्प्रॉकेटच्या खुणा जुळतात, कड्या नाही. घरी व्हिडिओ बघून हे काम करणारे इथेच घाबरतात म्हणे.

टॅपेट बदलल्यावर तीन नंबरमध्ये पुन्हा हवा सोडली. सायलेन्सरचा आवाज जवळजवळ गेला. हेड उतरवायचं वाचलं. शेवटचं कॉम्प्रेशन: १८०, १७८, १७५, १७९. स्कोपवर कॅम कंट्रोल फाइलवर बसला, आणि ती रेकॉर्डिंगही रिपोर्टसोबत व्हॉट्सॲपवर मिळाली. एकूण बिल, पार्ट, मजुरी, ऑइल, कूलंट धरून, एकतीस हजारांच्या आत. सकाळचा खर्रर्र गेला. दिवा परत लागला नाही. आता माझ्या वापरासाठी त्यांनी ५ डब्ल्यू-३० आणि दर पाच-सहा हजार किलोमीटरला बदल असं लिहून दिलंय, पुस्तकातला मोठा आकडा विसरा म्हणाले.

आता वाईट बाजू, कारण हे सगळं वाचून कुणी आरामाच्या अपेक्षेने जाऊ नये. फोन उचलत नाहीत. "उद्या" म्हणजे परवा. बसायला एक ट्रकची जुनी सीट, तीही बहुतेक वेळा कुणाच्या ताब्यात. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, शेजारच्या हॉटेलात जाऊन चहा घ्यावा लागतो. मी एकदा बोलले, चाचा ओशाळले, बदललं काही नाही. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. कव्हरच्या एका कोपऱ्यातून नंतर ऑइल पाझरलं. सीलंट नीट सुकू दिला नव्हता, कारण गाडीसाठी घाई लावली होती, असं त्यांनी भाच्याला माझ्यासमोर सुनावलं. कव्हर परत उघडून नीट केलं, पैसे घेतले नाहीत, पण माझी सकाळची फेरी त्या काळात भाड्याच्या रिक्षाने झाली.

आणि एक गोष्ट जी मला खटकली: तपासणीचा दर सगळ्यांना एक नाही. कोणती गाडी, किती उघडावं लागेल यावर ठरतो हे समजू शकतं, पण तो आधी लिहून लावलेला नाही. लॅबमध्ये मला दरपत्रक भिंतीवर लावावं लागतं. इथेही लावावं, भांडणं निम्मी होतील.

आमच्या भागातून जाणाऱ्यांसाठी: फैजपूरहून बामणोदमार्गे भुसावळ आणि मग हायवे. चेन आपटत असलेल्या गाडीला हायवेवर रेस देऊ नका. खर्रर्र दोन-तीन सेकंदांत थांबत असेल तर हळू नेता येईल. गरम इंजिनावरही आवाज चालूच असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागत असेल तर सेल्फ मारू नका, टोचन करून न्या, चाचा स्वतः तेच सांगतात. सोबत आधीच्या ऑइल बदलांची बिलं असतील तर घ्या, ते विचारतात. डिझेल गाड्या ते घेतात, पण स्कोपच्या फाइली मुख्यतः पेट्रोलच्या आहेत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला हात लावत नाहीत, सरळ नाही म्हणतात. शुक्रवारी दुपारी बंद असतं.